मियोत्सुरु गाय कोणाची, याबाबत

मी, तोमिए मोरिवाकी, वय ६८ वर्षे, धंदा गाई पाळणे व वासरे बाजारात विकणे, राहणार कुमानामी, वरची आळी, ताजिमा, आज हारातानी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, अधिकारी ओकुदा यांनी विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी सून रित्सुको अशा दोघी राहतो. गोठ्यात अकरा गाई आहेत. सगळ्या काळ्या, ताजिमाच्या रक्ताच्या. आमच्या खोऱ्यात बाहेरचे रक्त घालत नाहीत. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून ही रीत आहे आणि ती मोडल्याचे मला माहीत नाही. माझे पती शिगेमासा तीन वर्षांपूर्वी वारले. आम्हाला एकच मुलगा, योशिताका, वय ४३. तो कोबे शहरात राहतो व मांसाच्या दुकानात कामाला आहे. त्याला स्वतःचे खाणावळवजा दुकान काढायचे आहे. सुरीचे काम त्याला चांगले येते, हे मी आई म्हणून सांगत नाही, त्याचे मालकच तसे म्हणतात.

रित्सुको ही त्याची बायको होती. दोन वर्षांपूर्वी दोघांचा रीतसर घटस्फोट झाला. तरीही ती माझ्या घरी का राहते असे विचारल्यावरून सांगते की, कागदांवर शिक्के झाले त्या दिवशी ती बॅग भरून ओसरीवर आली. मी तिला म्हटले, "बॅग कुठं निघाली? संध्याकाळचा पेंढा कोण टाकणार?" ती म्हणाली, "आई, आता मी तुमची कोण लागते?" मी म्हटले, "ते मागाहून बघू. आधी पेंढा." तिने पेंढा टाकला. त्यानंतर याविषयी आमचे बोलणे झालेले नाही.

रित्सुको ही मूळची ओसाकाची. छत्र्यांच्या दुकानात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पांढरे बूट घालून गोठ्यात शिरली आणि पहिल्याच पावलाला शेणात बसली. मी हसले होते. ती उठून म्हणाली, "आई, गाईनं माझं स्वागत केलं, तुम्ही अजून केलं नाहीत." आज खोऱ्यात कोणाची गाय अडली तर माणसे आधी तिला फोन करतात, मग डॉक्टरला. कृत्रिम रेतनाची परीक्षाही ती पास झाली आहे. हे गुन्ह्याशी संबंधित नाही असे अधिकारी म्हणाले. मी म्हटले, गाय कोणाची हे ठरवायचे असेल तर संबंधित आहे.

मियोत्सुरु या गाईबद्दल सांगते ते असे. सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, बर्फ खिडकीच्या वर गेले असताना, आमच्या एका गाईला वासरू झाले. दिवस भरायच्या आधीच आले. उभे राहीना, गाईला दूध उतरेना. माझ्या पतींनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, "हे टिकायचं नाही." त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. रित्सुकोने ते वासरू उचलून स्वयंपाकघरात चुलीपाशी आणले आणि खुंटीवरचा माझ्या पतींचा लोकरी कोट काढून त्यात गुंडाळले. तो कोट त्यांच्या बहिणीने लग्नात दिलेला होता. रित्सुको बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडात देत बसली. वासरू चोखू लागले. सकाळी माझे पती आत आले, आधी कोटाकडे पाहिले, मग वासराकडे. म्हणाले, "कोट तर गेला. आता हे वासरू तुझं. जगवलंस तर तुझी गाय, मेलं तर तुझं दुःख. माझा संबंध नाही."

तेव्हा मी व शेजारच्या नोबुए वहिनी हजर होतो. हे बोलणे थट्टेत झाले असेल काय, असे विचारल्यावरून सांगते की, माझे पती माझी थट्टा करत, सुनेची करत, सरपंचाचीही करत. गाईच्या बाबतीत त्यांनी उभ्या जन्मात थट्टा केली नाही. शिवाय आमच्याकडे जनावराचे नाव मालक ठेवतो. बाकी सर्व गाईंची नावे त्यांनी ठेवली. मियोत्सुरु हे नाव रित्सुकोने ठेवले व त्यांनी ते ठेवू दिले. दप्तरी मालक म्हणून त्यांचेच नाव राहिले. बदलून घेऊ म्हणत होते. मग आजारी पडले.

ही गाय आजवर चार वेळा व्याली. दुसऱ्या वेतातला गोऱ्हा मोठा होऊन जिल्ह्याच्या मांस-प्रदर्शनात पहिला आला. त्याच्या मांसातली चरबीची जाळी इतकी बारीक होती, की जणू ताज्या बर्फावर कोणी चाळणीने तांबडा रंग टाकला आहे, असे तेथे बोलले गेले. मी स्वतः पाहिलेले नाही. ते मांस विकत घेण्याचा मान ज्या हॉटेलला मिळाला त्याचे मुख्य आचारी पुढच्या आठवड्यात कोबेहून आमच्या गावी आले. म्हणाले, "मला त्याच्या आईला भेटायचं आहे." गोठ्यात जाऊन त्यांनी टोपी काढून मियोत्सुरुला कमरेतून वाकून नमस्कार केला. मग रित्सुकोला केला. मला केला नाही, मी तेव्हा ओट्याशी मुळा चिरत होते. पण खिडकीतून मी तो पाहिला.

आता घडला प्रकार सांगते. काल बाजाराचा दिवस होता. आम्हाला त्या दिवशी काही विकायचे नव्हते. रित्सुको सकाळी खालच्या आळीत एका कालवडीला रेतन करायला गेली होती. मी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. दहाच्या सुमारास परत आले तेव्हा गोठ्याचे दार लावलेले होते, पण कडी आमच्या पद्धतीने लावलेली नव्हती. मियोत्सुरुची जागा रिकामी होती. ती सात महिन्यांची गाभण आहे.

नोबुए वहिनी कुंपणापाशी आल्या व म्हणाल्या, "योशिताका येऊन गेला की गं, ट्रक घेऊन. मला वाटलं तूच बोलावलंस. मी त्याला मुळ्याचं लोणचंपण दिलं."

मी रित्सुकोला फोन केला. ती गाडी घेऊन आली. रडली नाही की ओरडली नाही. तिने नोबुए वहिनींना एवढेच विचारले, "तिला ट्रकवर चढवताना मागून कोणी आधार दिला होता का?" वहिनींना ते आठवेना. आम्ही दोघी बाजाराकडे निघालो. वाटेत ती म्हणाली, "आई, तुम्ही गाडीतच बसा. तुमचा गुडघा दुखतोय. आणि तुमचा मुलगा आहे तो." मी म्हटले, "दोन्ही खरं. तू गाडी चालव."

बाजारात पोहोचलो तेव्हा मियोत्सुरु रिंगणात उभी होती. गाईची ओळख नाकाच्या ठशावरून पटवतात, फाटकावर तो ठसा जुळला, दप्तरी मोरिवाकी घराचे नाव होते, आणि घरचा मुलगाच गाय घेऊन आला होता, म्हणून त्यांनी आत सोडले. यात बाजाराच्या लोकांची चूक आहे असे मी म्हणत नाही. बोली सुरू झाली होती. वर फळ्यावर आकडे चढत होते. सज्जात बसलेले व्यापारी पुढे झुकून पाहत होते. नुसते उभे राहून तिने सगळा बाजार गप्प केला होता. खरे सांगायचे तर, त्या घटकेलाही मला तिचा अभिमान वाटला.

रित्सुको कठड्याबाहेर थांबली. तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता, सांगायला नाते नव्हते. मी वाटेतला आडवा बांबू बाजूला सारून रिंगणात गेले. बाजाराचे प्रमुख हिराओका ध्वनिक्षेपकावरच म्हणाले, "तोमिएबाई, बाहेर या. बोली चालू आहे."

मी म्हटले, "चालू आहे म्हणूनच आले. संपल्यावर येऊन काय करू?"

योशिताकाच्या हातात दावे होते. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर नको. ही बाबांची गाय आहे. बाबांच्या वस्तूत माझा वाटा नाही का?"

"आहे. घरी अजून दहा आहेत. चहा पी, बस, आणि त्यांतलं काय हवं ते माग. ही तुझ्या बाबांची नव्हती."

"मग कोणाची? तिची? ती आता आपली कोण? घटस्फोट मी घेतला आणि घराबाहेरही मीच!"

सज्जात कोणीतरी हसले. त्याचे कान लाल झाले. लहानपणीही तसेच होत. मी हिराओकांच्या हातातला ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि कोटाची हकीकत सांगितली. जशी वर सांगितली तशीच, कमी नाही जास्त नाही. पुढे म्हटले, "मी शिगेमासांची बायको. त्यांच्या माघारी बोलायचा हक्क कोणाला असेल तर मला आहे. ही गाय रित्सुकोची आहे. तिनं जगवली, तिनं नाव ठेवलं. ती नसती तर आज तुम्ही कशावर बोली लावताय ते दिसलंच नसतं."

सज्जातून वरच्या गावचे एक म्हातारे गाईवाले उभे राहिले. म्हणाले, "शिगेमासानं मला तो कोट दाखवला होता. धुऊनसुद्धा वासराचा वास येत होता. घालून मिरवत होता तो, माझ्या सुनेनं असं केलं म्हणून." माझ्या पतींनी हे बाहेर सांगितल्याचे मला ठाऊक नव्हते. घरात ते तिला कधी चांगले म्हणाले नाहीत. मी रित्सुकोकडे पाहिले. ती खाली पाहत होती.

हिराओकांनी फळा बंद केला. बोली रद्द झाली. बाजाराच्या नियमाप्रमाणे त्यांनी पोलिसांना कळवले. आम्ही कळवलेले नाही.

योशिताका मला म्हणाला, "आई, मी तुझा मुलगा आहे."

मी म्हटले, "म्हणून तर मी आले. परक्यानं नेली असती तर नुसते पोलीस पाठवले असते."

त्याने दावे रित्सुकोच्या हातात दिले. त्याला कोणी द्यायला लावले नाही. हेही नमूद करावे.

यानंतर गाय परत ट्रकवर चढवताना जे झाले ते लिहिण्याची गरज नाही, त्याचा चोरीशी संबंध येत नाही, असे अधिकारी ओकुदा म्हणाले. मी सांगितले की, ते लिहिले नाही तर मी माझा शिक्का उमटवणार नाही. त्यावरून पुढील मजकूर लिहून घेतला.

बाहेर ओले बर्फ पडत होते. ट्रकची फळी निसरडी झाली होती. रित्सुको पुढून दावे धरून होती. मी मागे होते, पण माझ्या अंगात आता तेवढी ताकद नाही. मियोत्सुरु अर्ध्यावर आली आणि तिचा मागचा खूर सरकला. ती पोटावर, फळीच्या लोखंडी कडेवर येणार होती. योशिताका तेव्हा लांब, सिगारेटवाल्या माणसांत उभा होता. तो कधी धावला ते मी पाहिले नाही. मी पाहिले तेव्हा त्याचा खांदा गाईच्या पोटाखाली होता, आणि ती कड आणि गाय यांच्या मध्ये त्याने स्वतः हात घातला होता. सगळे वजन त्याच्यावर आले. तो ओरडला नाही. ओरडला असता तर गाय बुजली असती. तो म्हणत होता, "होऽ, होऽ, सावकाश बाई, घाई नाही आपल्याला." हे त्याच्या बापाचे शब्द. आवाजही तोच. मियोत्सुरुने पाय सावरला आणि वर चढली.

त्याची दोन बोटे मोडली. उजव्या हाताची, सुरी धरायचा हात. रित्सुकोने डोक्याचा रुमाल सोडून त्याला बांधला आणि म्हणाली, "हात वर धर. खाली सोडू नकोस." तो म्हणाला, "बरं." इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिचे इतक्या लवकर ऐकलेले मी पाहिले नव्हते. तो सध्या इस्पितळात आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी गाय तपासली. तिला खरचटलेलेही नाही. पोटातले वासरू हलत आहे.

माझ्या मुलाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, त्याने जे केले ते चुकीचे आहे व ते मी भर बाजारात सांगितले आहे. तक्रार करायची की नाही हे गाईच्या मालकाने ठरवायचे. मालक बाहेर बाकावर बसली आहे. तिचा जबाब वेगळा घ्यावा. माझा मुलगा चोर आहे काय, असेही विचारले. त्यावर माझे म्हणणे असे की, चोर चोरलेल्या मालाखाली आपला हात घालत नाही.

हा मजकूर अधिकारी ओकुदा यांनी मोठ्याने वाचला व मी कान देऊन ऐकला. त्यात दोन ठिकाणी माझे म्हणणे नीट आले नव्हते. "पूर्वीची सून" येथील "पूर्वीची" हा शब्द मी खोडायला लावला. आणि "अपघाताने हात सापडला" असे लिहिले होते, तेथे "त्याने स्वतः हात घातला" असे करून घेतले. आता सर्व माझ्या तोंडचे आहे आणि घडले तसे आहे. म्हणून खाली माझा शिक्का उमटवीत आहे.

तोमिए मोरिवाकी