मुडद्याचा पार्ट

...नाही, मला एक सांगा, जन्मभर टीव्हीसमोर बसून खून कुणी बघितले? मी! पहिली जाहिरात लागायच्या आत ‘तो बघ, तो चहा विचारतोय ना, तोच खुनी’ असं कोण सांगतो? मी! आणि त्या खुनांच्या मालिकेवाले आमच्या गावात येतात, आमच्या नदीवर शूटिंग करतात, त्यांना गावातलाच एक मुडदा हवा असतो... आणि मेला कोण? बेव्हन! अहो, ज्याच्या घरात टीव्हीच नाही, तो बेव्हन! म्हशीसारखा... जाऊ दे, शेजारी आहे माझा.

तुम्हाला सांगतो, मला या विषयात कुणी शिकवायचं नाही. डिटेक्टिव्ह घ्या. सगळे घटस्फोटित. फ्रीज उघडला की आत एक सुकलेलं लिंबू. अंधाऱ्या घरात टॉर्च घेऊन शिरतात... अरे बाबा, दिव्याचं बटण दाराशेजारीच असतं, दाब की! पोस्टमार्टेमवाली डॉक्टरीणबाई मुडद्याच्या उशाशी उभी राहून सँडविच खाते. ज्याच्यावर पहिल्यापासून संशय, तो बिचारा शेवटी रडून मोकळा होतो. हे सगळं मी चालवून घेतो. पण मुडदे? मुडदे मात्र एकजात कच्चे! पोट हलतं, पापणी फडफडते, परवा एकीनं तर चक्क आवंढा गिळला. मी नोएलीनला म्हटलं, “बघितलंस? गिळला!” नोएलीन म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, “डेस, गप्प बस, तो बोलतोय.”

तो म्हणजे या मालिकेतला डिटेक्टिव्ह. उंच, लांब कोट, दाढीचे खुंट, आणि तासाभरात चार वाक्यं बोलतो. नोएलीन त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते ना, तसं लग्नात माझ्याकडे नव्हतं बघितलं हो! जळतो मी. हो, जळतो, लपवायचं काय त्यात? म्हणून तर मला मुडदा व्हायचं होतं. सरळ हिशोब आहे. मुडद्यावर कोण वाकणार? तो! आणि त्याला बघायचं तर नोएलीनला कोण बघावा लागणार? मी! बोला, आहे का यात काही चूक?

तयारी म्हणाल तर जय्यत. दिवाणखान्यात गालिच्यावर रोज मरत होतो. नोएलीन व्हॅक्युम घेऊन यायची आणि म्हणायची, “मेलेल्या माणसा, पाय उचल.” आणि मी उचलायचो... तेवढीच एक सवय वाईट.

मग गावच्या हॉलमध्ये निवड. ऑकलंडहून आलेली एक पोरगी, टेगन नावाची, गळ्यात तीन ओळखपत्रं. मी चटईवर असा मेलो म्हणता, असा मेलो... एक हात छातीवर, एक हात खुन्याच्या दिशेनं, ओठांवर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर! टेगन म्हणाली, “काका, जरा कमी.” मी थोडा कमी मेलो. “अजून कमी, काका. तुम्ही फारच... जिवंत वाटताय हो.” आणि तेवढ्यात तिची मान वळली. भिंतीकडेला बाकावर बेव्हन! हा हॉलच्या खुर्च्या परत द्यायला आला होता. पहाटेपासून गाईंचं दूध काढून दमलेला, बाक दिसला, आडवा झाला आणि झोपला. तोंड उघडं. टेगन चोरपावलांनी गेली, बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, “हा! हाच!” त्याला हलवून उठवलं तर म्हणतो कसा, “खून? कुणाचा खून झाला?” अरे तुझा, तुझा! मेला कोण? बेव्हन!

आणि मला काय? गर्दीत उभा राहणारा माणूस. तोही पाठमोरा!

बरं, शूटिंगचा दिवस. व्हाइटबेटचा हंगाम नुकताच लागलेला. ते समुद्रातून नदीत वर चढणारे बोटभर काचेसारखे मासे, आमचा जीव की प्राण. आणि आमच्याकडे एक धर्म आहे... मासे आले, की ज्याला दिसले त्यानं तोंड उघडायचं नाही. बायकोला सांगायचं नाही, पाद्रीबाबाला सांगायचं नाही. जाळं टाकायचं आणि आभाळाकडे बघायचं. तर बेव्हन काठाच्या उथळ पाण्यात पडलेला, लांब रेनकोट, पाय प्रवाहाच्या खालच्या अंगाला. आम्ही पिवळ्या फितीमागे. कॅमेरा सुरू. तो कोटवाला वाकला. आणि मला दिसलं... पाण्यावर बारीक शहारा! बेव्हनच्या बुटांपासून वर, कानाजवळून, झुंडच्या झुंड! हंगामातले पहिले मासे!

मी शेजारी बघतो तर सगळ्या गावाला दिसलेले! पण एकजण हूं की चूं करील तर शपथ. सगळ्यांचे चेहरे लांब, डोळे डोंगराकडे, ओठ घट्ट. दिग्दर्शक टेगनच्या कानात म्हणतो, “काय दुःख आहे बघ या माणसांच्या चेहऱ्यावर!” दुःख कसलं, बाबा? जो तो जाळं कुठे ठेवलंय ते आठवत होता!

आणि मी? अहो, माणूस किती सहन करील? पार्ट त्याला, कोटवाला त्याच्यावर वाकलेला, आणि आता मासेही त्याच्याच कानाशी? माझ्या तोंडून निघालंच, “आले! आले! आले!”

झालं! फीत तुटली, अख्खं गाव पाण्यात! टोप्या, डब्याची झाकणं, टेगनची छत्री, मिळेल त्यानं मासे उपसायला लागलं. कोटवाला ढोपरभर पाण्यात बसला फतकल मारून. दिग्दर्शक ओरडतोय, “कट! कट!” आणि या गदारोळात हलला नाही कोण? बेव्हन! लोक अंगावरून गेले हो त्याच्या! दिग्दर्शकानं शेवटी हात जोडले. म्हणाला, “या गावात कलावंत एकच आहे.”

कलावंत! मी नंतर त्याला गाठलं. म्हटलं, “बेव्हन, खरं सांग, कसा नाही हललास?” तो उठला, सावकाश कंबरेचा पट्टा सोडला... आणि कोटातून, बाह्यांतून, खिशांतून व्हाइटबेट! बादली भरली, बादली! म्हणतो, “हललो असतो तर गेले असते ना रे.” म्हणजे मुडद्याचं जाळं करून पडला होता लेकाचा! आणि गावानं बोल कुणाला लावला? मला. धर्म मोडला म्हणून. अजून नदीवर मी गेलो की सगळे आपापली जाळी उचलून लांब जातात.

तर गेल्या रविवारी तो भाग लागला. बेव्हनकडे टीव्ही नाही म्हणून नोएलीननं त्याला आमच्याकडेच बोलावलं. आला, फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या त्याच व्हाइटबेटचे पॅटिस घेऊन, माझ्या खुर्चीत बसला, आणि स्वतःचा मुडदा सापडायच्या आत घोरायला लागला. इकडे पडद्यावर तो मेलेला. नोएलीनच्या डोळ्यांना धार! म्हणते, “किती शांत दिसतोय गं बाई!” खुर्चीत घोरतोय तो, नोएलीन, खुर्चीत!

मी वाट बघत होतो. पहिल्यांदा घेतलेलं दृश्य त्यांनी ठेवलं होतं, गोंधळाच्या आधीचं. कोटवाला वाकला... आणि त्याच्या तोंडासमोर आली एक पाठ. रुंद, तपकिरी स्वेटर, नोएलीननंच विणलेला. माझी! मी सांगणार, तेवढ्यात नोएलीन किंचाळली, “अगं बाई, हा कोण ठोंब्या मध्येच उभा राहिलाय? याच्यामुळे काही दिसत नाहीये!”

पॅटिस हातात तसाच राहिला. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा पोट हललं नाही, पापणी फडफडली नाही, आवंढा गिळला नाही... असा मुडदा आजवर कुठल्या मालिकेत झाला नसेल.

आणि बघायला कोण? एक झोपलेला, आणि एक त्या कोटवाल्याकडे बघत बसलेली.