तपासणीचं कार्ड

मार्लीस : कॉफी थंड होतेय, व्हर्न. आणि मी विचारलेलं तसंच राहिलंय. हे कार्ड ओळखतोस ना?

व्हर्न : कुठे मिळालं तुला?

मार्लीस : नदीननं दिलं, काच विभागातल्या. माझा आर्लन कारखान्यात कोसळून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मॅनेजरनं भिंतीवरचं, हृदय बंद पडलं तर शॉक देणारं यंत्र उतरवून नवं लावलं. तेव्हा हे कचऱ्याच्या डब्यात पडलेलं तिनं उचललं. आठ महिने स्वयंपाकघरातल्या खणात दडवून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात नोकरी सोडली, तेव्हा कुठे धीर झाला.

व्हर्न : दर महिन्याचं तपासणीचं कार्ड आहे ते. कारखान्यातलं सेफ्टीचं काम माझ्याकडे. सह्या माझ्याच असणार.

मार्लीस : चौदा जानेवारी. ‘बॅटरी ठीक, पॅड ठीक.’ खाली तुझी सही. त्या दिवशी कुठे होतास तू?

व्हर्न : दहा महिने झाले त्याला. आता काय आठवणार?

मार्लीस : मला आठवतंय. तळ्यावर होतास. बर्फाला भोक पाडून मासे धरत, माझ्या नवऱ्याबरोबर. परतताना तुझी गाडी चरात रुतली आणि मी ट्रॅक्टर घेऊन आले. दोघंही थंडीनं काळेनिळे पडला होतात.

व्हर्न : तारीख एखादा दिवस पुढेमागे होते गं. सोमवारी बघितलं असेल.

मार्लीस : बघितलं होतंस? आमच्या लग्नात तू आर्लनच्या शेजारी उभा होतास, व्हर्न. अंगठी तुझ्याच खिशात होती. माझ्याकडे बघून सांग.

व्हर्न : नाही बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. यंत्रावरचा हिरवा दिवा ऑक्टोबरपासून बंद होता. मी मॅनेजरला दोनदा लिहून दिलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. राज्याचा कायदा कारखान्याला असलं यंत्र ठेवाच असं सांगत नाही, आपण आपल्या मनानं ठेवलंय. कार्ड मात्र कोरं ठेवू नकोस, विम्याचा माणूस येतो बघायला.

मार्लीस : आणि तू नाही ठेवलंस कोरं.

व्हर्न : अकरा वर्षांत कोणाला साधी चक्करही आली नव्हती तिथे. मला काय माहीत...

मार्लीस : हॉस्पिटलात माझे दोन्ही हात धरून काय म्हणाला होतास?

व्हर्न : ते नको आता.

मार्लीस : म्हणालास, यंत्र छातीला लावलं होतं. यंत्रातूनच आवाज आला, शॉकचा उपयोग नाही. कोणाच्याच हातात काही नव्हतं. आठ महिने मी त्या वाक्यावर दिवस काढले. लेक फोनवर रडायची, तिलाही तेच सांगून गप्प केलं. खरं काय झालं ते आज सांग.

व्हर्न : झाकण उघडलं. बटण दाबलं. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. परत दाबलं. मग ते बाजूला टाकलं आणि छाती दाबायला लागलो. काउंटीची ॲम्ब्युलन्स यायला सोळा मिनिटं लागली. मी थांबलो नाही, मार्लीस. एवढं तरी खरं मान.

मार्लीस : मानते. तुझी मनगटं सुजली होती, मी पाहिली होती. मधे त्यानं डोळे उघडले?

व्हर्न : एकदा. उघडले आणि मिटले. ओळखलं की नाही, कोण जाणे.

मार्लीस : हेही तू मला सांगितलं नाहीस.

व्हर्न : सांगायला दोनदा आलो होतो गं. एकदा तर अगदी ओठावर आलं होतं. तू समोर केक कापून ठेवलास, आणि माझं तोंडच उघडेना.

मार्लीस : केक मात्र खाल्लास.

(ती उठते, खणातून कोरा कागद आणि पेन काढून त्याच्यासमोर ठेवते.)

व्हर्न : हे कशाला?

मार्लीस : आत्ता सांगितलंस ते सगळं लिही. ऑक्टोबरपासून. मॅनेजर काय म्हणाला तेही.

व्हर्न : निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी.

मार्लीस : आर्लनची सहा राहिली होती.

व्हर्न : मलाही कोर्टात खेचतील.

मार्लीस : माझ्या वकीलबाईंनी कायदा वाचून दाखवलाय. मदतीला धावून जाणाऱ्याला कायदा हात लावत नाही. त्या सोळा मिनिटांबद्दल तुला कोणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही. हे कार्ड वेगळं. त्याचं काय व्हायचं ते होईल. लिही.

व्हर्न : ‘दिवा बंद असल्याचे मला माहीत होते’, असं लिहू?

मार्लीस : माहीत होतं ना?

व्हर्न : होतं.

मार्लीस : मग तसंच लिही.

व्हर्न : ... झालं. वाचून बघ.

मार्लीस : वाचलं. ठेव तिथे. तुझा कोट दाराशी आहे.

व्हर्न : शुक्रवारी फूटभर बर्फ पडणार म्हणतात. सकाळी येऊन दारापासून रस्त्यापर्यंत साफ करून देईन. तुला एकटीला नाही जमायचं ते.

मार्लीस : नको. काल मी फावडं विकत आणलंय.