मला त्या खुर्चीचा हेवा वाटतो

सन्माननीय अध्यक्ष विजयसिंहराव, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, बदली होऊन पुण्याला निघालेल्या आपल्या उज्ज्वला मॅडम, आणि तेलगावच्या या दिव्यांग लेकरांच्या केंद्रात येणाऱ्या समस्त आयाबापांनो! मी अंगद, दिंद्रुडचा सुतार. मॅडमचे गुण गायला मला उभं केलंय. गातो की! पण आधी खरं सांगू का? मी मॅडमवर लई जळतो.

हसू नका, हनुमानराव, तुमी शेजारी, तुमाला सगळं ठाऊक हाय.

माझ्या सायलीच्या कंबरेत बळ न्हाई. बसवली की एका अंगाला कलंडते. तिच्यासाठी मी सागवानाच्या तीन खुर्च्या केल्या, पट्टे लावले, उशा कोंबल्या. पोरगी घसरायची ती घसरायचीच. आणि या मॅडम! हातात कधी रंधा धरला न्हाई, पण पोरीभोवती कॅमेरा फिरवला आन् कॉम्प्युटरात तिचं आख्खं अंग उभं केलं. पाठीचा बाक दिसतोय, जिथं भार पडतो तिथं लाल दिसतंय. म्हणाल्या, "आधी इथं कॉम्प्युटरातच बसवून बघू, मग खुर्ची करू." माझ्या पोटात दुखलं, अध्यक्षमहाराज.

पहिली खुर्ची आली, तर ही ढगळ! कावून? लोक पोरीला वाळकी म्हणतील, म्हणून आमच्या वनमालानं मापाच्या दिवशी फ्रॉकाखाली दोन स्वेटर घातलते. कॉम्प्युटरनं तेच अंग धरलं. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले! मॅडम मात्र रागावल्या न्हाईत. "ताई, पोर छान आहे तुमची, झाकता कशाला?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा माप घेतलं.

दुसऱ्या खुर्चीत सायली ताठ बसली. दोन्ही हात मोकळे. भाकरीचा कुटका मोडून आपल्या हातानं खाल्ला. वनमाला रडली. मीबी रडलो, पण माझं रडणं निराळं होतं. आजवर पोर माझ्या मांडीवर, माझ्या छातीला टेकून जेवायची. त्या दिवशी सवयीनं मी मांडी घालून हात पुढं केले, तर म्हणती कशी, "बाबा, तुमी तिकडं बसा. माझं मी खाते."

खुर्चीवर जळणारा बाप बघितलाय का हो कुणी?

मॅडम, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पुण्यात सुखात राहा. अध्यक्षांचे आणि तुमा सगळ्यांचे आभार. बोलताना वाकडंतिकडं काही गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. एरवी अशा कार्यक्रमातून मी अर्ध्यात उठायचो, पोर माझ्यासाठी जेवायची थांबलीय म्हणून. आज शेवटपर्यंत बसतो. ती जेवली असेल.