लांबट केक

आमच्या घरी नाताळचा केक कधी गोल राहिलाच नाही बघ. सकाळी न्याहारीला पाहुणे यायचे, म्हणून आई पेरूचा मुरंबा भरलेला केक आदल्या दिवशीच वाळूच्या पातेल्यात भाजून ठेवायची. रात्रीतून पप्पा मधली पट्टी कापून खायचे आणि उरलेले दोन अर्धे बेमालूम जोडून ठेवायचे. सकाळी केक लांबट!

आई तणतणायची, "पाव्हन्यांच्या आधी तुमालाच खायचा असतो व्हय?"

"चव बघितली गं."

पप्पा आता नाहीत. यंदा केक मी केला, ओव्हनमध्ये, आणि रात्री झाकून ठेवला. सकाळी झाकण काढलं, तर लांबट!

"आई, घरात आपण दोघीच. मग हे कुणी केलं?"

"तुज्या पप्पांचा वाटा हुता त्यो," आई म्हणाली. "कुनीतरी खायला नको व्हय?"