बुधाजी तिसऱ्या रांगेत बसले आहेत

अध्यक्ष महोदय आदरणीय खुशालरावजी, व्यासपीठाची शोभा वाढवणारे सर्व मान्यवर, नागरी सत्कार समितीचे पदाधिकारी, अकोल्याहून आवर्जून आलेले रसिक बंधू-भगिनी, आणि आमच्या बँडपायी इतकी वर्षं कानात बोळे घालून बसलेले शेजारीपाजारी, आपणा सर्वांना उस्मान ड्रमवाल्याचा नमस्कार आणि सलाम.

सत्काराला उत्तर देण्याचं काम खरं तर देवीदासचं. आमच्या 'घणाघात' बँडचा गायक तो. पण मानपत्र वाचून झालं तसा तो मान खाली घालून बसलाय, त्याच्यानं उठवत नाही. म्हणून मी उठलो. प्राजक्ताताईंनी मानपत्र फार सुरेख वाचलं. त्यांचा दोष नाही, समोर दिलं ते त्यांनी वाचलं. पण त्यात एक वाक्य होतं. 'कैलासवासी बुधाजींच्या वेदनेतून जन्मलेला हा हंबरडा.' मंडळी, तुम्ही त्या वाक्यावर टाळ्या वाजवल्या.

बुधाजी तिसऱ्या रांगेत बसले आहेत. ते पाहा, भिंतीजवळ, पिवळा फेटा. देवीदासचे वडील. आणि त्यांच्या शेजारी पार्बताआई बसलीय, नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून. त्या माउलीनं आत्ता आपल्या कानांनी हे ऐकलं. वलगाव इथून किती लांब आहे हो? समितीत एवढे शिकलेसवरलेले लोक, एकालेही वाटलं नाही का एक फोन करावा? काहून वाटलं नाही?

नाही, पाणी नको अध्यक्षसाहेब. बरा आहे मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही पोरं कॉलेजात होतो तेव्हा हेवी मेटल वाजवायचं खूळ डोक्यात शिरलं. अकोल्यात आमचं गादीघर, तिथं ड्रम लावला तर अब्बांनी टिपरू फेकून बाहेर हाकललं. तेव्हा बुधाजींनी वलगावचा गोठा आम्हाला दिला. एकीकडे बैल, एकीकडे अँप्लिफायर. म्हैस आटली म्हणून पार्बताआईनं आम्हाले काय शिव्या दिल्या, त्या या व्यासपीठावरून सांगण्याजोग्या नाहीत. पण चहा कधी चुकला नाही.

आणि आवाज? समीक्षक विचारतात, देवीदासचा तो घोगरा, पोटातून फुटणारा आवाज कुठल्या विलायती गायकावरून घेतला? अरे बावा, बुधाजींवरून घेतला! पोळ्याच्या दिवशी गावचे बैल तोरणाखाली ओळीनं उभे राहतात, ढोल बडवून राहिले असतात, आणि त्या गलक्यात शेतकरी एकमेकांची फिरकी घ्यायला यमक जुळवलेल्या झडत्या म्हणतात. माइक नाही, काही नाही. गळ्यातून काढला तर दुसऱ्या ओळीला आवाज बसतो, म्हणून तो पोटातून काढायचा. बुधाजींची झडती सुरू झाली की पलीकडल्या ओळीतला माणूस फेटा सावरायचा, आता आपली काही धडगत नाही म्हणून.

बँड मोडला. कोणी नोकरीला गेलं, मी गाद्या भरत बसलो. यंदा, दोन हजार चौदा साली, पोरांनी डोकं खाल्लं म्हणून पुन्हा एकत्र आलो आणि 'तोरण' हा अल्बम काढला. त्यातलं मुख्य गाणं म्हणजे बुधाजींची झडती, जशीच्या तशी, आमच्या गिटारींवर चढवलेली:

'अंजनगावच्या इवायाचा बैल लय शहाणा,
तोरण पाहून मांगं सरे, सांगे नवा बहाणा!'

व्याह्याची टिंगल आहे ही! व्याही स्वतः हसून हसून लोळले होते.

आता मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकानं काय लिहिलं ते ऐका. तोरण म्हणजे फास. मागं सरणारा बैल म्हणजे मरणापुढं थबकलेला शेतकरी. आणि अल्बमच्या कव्हरवर बुधाजींचा फोटो आहे ना, पोळ्यात बैलजोडीला पहिला नंबर मिळाला तेव्हाचा, गळ्यात हार, कपाळाला गुलाल? त्या हारावरून साहेबांनी ठरवलं की गायकाच्या दिवंगत बापाचा फोटो आहे. बाप शेतकरी, गाव वऱ्हाडातलं, म्हणजे तो गेला कसा हेही त्यांनीच ठरवलं. पाचापैकी पाच तारे दिले. पुण्याच्या साप्ताहिकानं तेच उचललं, वर 'गायकाचा हुंदका अभिनयापलीकडचा' असं लिहिलं. हुंदका नव्हता हो तो, देवीदासले हसू आवरत नव्हतं!

आम्ही आधी हसलो. मग अंजनगावचे तेच व्याही पेपर वाचून रडत बसायला आले. दारात बुधाजी विडी ओढत बसलेले. म्हणाले, 'या इवाईबुवा, कोण मेलं?'

गंमत तिथंच संपली. येणारा जाणारा त्यांच्याकडे कीव करून पाहायला लागला. एक कॅमेरावाला आला, त्याला जिता माणूस पाहून चक्क वाईट वाटलं. आणि यंदाच्या पोळ्याले बुधाजीबाबा तोरणापाशी गेलेच नाहीत. गाव वाट पाहून राह्यलं, बैल तसेच पुढं निघून गेले. मी आणि देवीदास घरी गेलो तर ते गोठ्यात रिकाम्या दावणीपाशी बसलेले. मले म्हणाले, 'उस्मान, लोकायले मी मेलेलाच बरा वाटून राह्यलो काय रे?'

मंडळी, याचं उत्तर तुम्ही द्या ना.

मरणं आम्ही पाहिली नाहीत असं समजू नका. आमच्या दुकानाची गादी ज्या घरी लग्नात गेली, त्याच घरी वर्षाच्या आत बसायला गेलोय मी. अशा घरावर गाणं करायची आमची छाती झाली नाही, होणारही नाही. पण वऱ्हाडातला माणूस तोंड उघडेल तर रडायलाच, हे कोणी ठरवलं? आम्ही टिंगल करायची नाही? माजायचं नाही? मुंबईच्या एका महोत्सवानं बोलावलं, मंचावर खरे दोर टांगणार म्हणाले. देवीदासनं फोन आपटला. ते लोक म्हणतात, मग तुमच्याकडे दुसरं आहे काय? आणि आज आमच्याच अमरावतीत, आमच्याच माणसांनी, त्यांच्याच पेपरातलं मानपत्रात उतरवलं. त्यांचा राग आला होता, तुमचं दुःख झालं, आणि खरं सांगतो, राग त्याहून जास्त आला.

तेव्हा अध्यक्षसाहेब, शाल, श्रीफळ घेतो. मानपत्र इथंच टेबलावर ठेवतो. ते फ्रेममध्ये घालून आमच्या घरात कुठं लावायचं? पार्बताआईच्या चुलीवर?

समितीनं आठवण ठेवली, सभागृह दिलं, आपण सारे कामंधामं टाकून आलात, त्याबद्दल 'घणाघात'तर्फे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझा तोल गेला असेल, लहानमोठं पाहिलं नसेल, तर ते आपलं लेकरू म्हणून पोटात घाला. आता मानपत्राची चूक. ती माफ करणं माझ्या हातात नाही. ज्यांना तुम्ही मारलं, त्यांनाच विचारावं लागेल.

बाबा, उठा. पार्बताआई, हात धर त्यांचा. माइक तिकडे नेऊ नका रे पोरांनो, माझ्या ड्रमखाली जो आवाज दबला नाही त्याले माइक कायले पाहिजे! देवीदास, वर पाहा. बाप उभा राहून राह्यला तुझा.

आणि सभागृहाला हात जोडून एकच विनंती. झडती संपली की या वेळी डोळे पुसू नका. हसा.