आत्याच्या हातची लापशी

माझं मायेर डोळखांबच्या वर, डोंगराला चिकटलेला पाडा, आमी कुनबी, बापाची भाताची खाचरं आनि वर उतरनीला नाचनी, चार भावंडांत मी शेंडेफळ. नाव ठेवलं गुलाब, पन सगळा जलम गेला परसाकडं धावन्यात. हसा ताई, हसा, मी पन हसते. आमच्या घरी गहू यायचा तो होळीला, पुरनपोळीपुरता, आनि होळीच्या दुसऱ्या दिवशी मी पोट धरून लोळायची, आयशी म्हनायची, हावरी मेली, चार चार पोळ्या गिळल्यास, आता भोग. मला पन वाटायचं आपून हावरी. मंग परत पेज नि नाचनीची भाकर, चार दिवसांत पोरगी टुनटुनीत. हे ध्यानात ठेवा तुमी, मी नाय ठेवलं, म्हनून पुढचं झालं.

लगीन झालं सापगावात. नवरा वाशिंदला कारखान्यात पाळीवर जायचा, घरात तो नि त्याची आय, दोघंच. सासूला मी आत्या म्हनायची, आमच्यात तशीच रीत. नवऱ्याला डब्यात चपाती लागायची, भात खाल्ला की मशीनवर डुलक्या येतात म्हनायचा. मंग आत्या रोज चपात्या लाटायची, सोता रातची शिळी भाकर खायची आनि चपाती माझ्या ताटात टाकायची, नवी सून हाय, गव्हाचं खाऊ दे. आमी तांदूळ पिकवनारी मानसं, आमच्यात गहू म्हंजे मानाचं खानं, पावन्याला, बाळंतीनीला, आजाऱ्याला. तर मी पडली आजारी. पोट हंड्यासारखं फुगायचं, जुलाब, उलट्या, आनि आत्या काय करायची, गूळ घालून गव्हाची लापशी करायची, स्टेशनावरनं मैद्याचे बटर आनायची, चहात बुडवून माझ्या तोंडाशी धरायची, हलकं हाय गो, खा. मी जितकी आजारी तितकी ती जास्त लापशी करायची. काय सांगू तुमाला, एवढी माया मला आयशीनं पन नाय केली.

नवरा मातूर मारायचा. तिथं काय कारन लागतं? कामावरनं आला नि मी अंथरुनात दिसली की लाथ, ताटावरनं उठून परसाकडं पळाली की केस धरून वढायचा, जेवन हरामाचं झालं काय तुला, नाटकं करतेस. दोन येळा दिवस गेले, दोनी येळा पोर राह्यलं नाय. मंग तर पट्टाच काढला. आत्या मधी पडायची, दोन फटके तिच्या पाठीवर पन बसलेत, मी बगितलंय ह्या डोळ्यांनी. आनि मी, मी काय केलं ते आता सांगते, थांबा जरा, पानी पिते.

दर सालाला लावनीला मी मायेरी जायची. तिथं गुडघाभर चिखलात वाकून लावनी, पावसाचा मार, तरी पंदरा दिवसांत पोट जाग्यावर, गालावर रंग. सापगावला परत आली की आठ दिवसांत पुन्ना हाडं. हे दादानं हेरलं, थोरला भाऊ माझा. तो म्हनाला, हिचं पोट हितं बरं होतं नि तिकडं बिघडतं, म्हंजे तिकडं कोनतरी करनी करतंय. आयशी म्हनाली, खरंच की गो बाय. ताई, त्याचा हिशेब चुकला नव्हता, खानंच बाधत व्हतं मला. पन आमी खान्याकडं नाय बगितलं, वाढनाऱ्या हाताकडं बगितलं.

दादानं मला वढ्यापलीकडं भगताकडं नेली. भर दुपार व्हती. भगतानं सुपात तांदूळ टाकले, दाने सारून सारून बगितले, मंग मिरच्यांची धुरी दिली नि निरगुडीच्या शिपट्यानं मला मारायला लागला, पाठीवर, पायांवर, आनि दर फटक्याला एकच, बोल, कोनाच्या हातचं खातेस, बोल, कोनाच्या हातचं. डोळे फुटायला आलेले, नाकातोंडातनं पानी. मी बोलली. आत्याच्या. एवढंच बोलली आनि मारायचा थांबला. खोटं कुटं व्हतं त्यात? तिच्याच हातचं खात व्हती मी. पन मला ठाऊक व्हतं ह्या बोलन्याचा तिथं काय अर्थ होतो, मी काय कुक्कुलं बाळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा, आमचे दोन चुलते आनि मी, सापगावला. नवरा पयल्या पाळीला गेलेला. पावसानं उघडीप दिलेली, आत्या आंगनात वाल वाळत घालत व्हती. मला बगून उठली, म्हनाली, आलीस गो, बरी दिसतेस. बरी दिसतेस म्हनाली ताई, आनि दादानं तिचे केस धरले. फरफटत आंगनाच्या मधी आनली, वाल सगळे चिखलात. भुताळी, माझ्या भयनीला खातेस, बोल काय घातलंस. ती म्हनत व्हती, लापशी घातली रे, लापशी, दुसरं काय नाय. चुलत्यानं घरातनं मुसळ आनलं. तिनं डोकं वाचवायला हात वर केला, उजवा, आनि तो हात मोडला, त्याचा आवाज मी ऐकला, सुक्या काटकीसारका. मी लांब उभी व्हती असं समजू नका. मी पायातली चप्पल काढली नि तिच्या तोंडावर मारली. दोनदा. दुसऱ्या येळी ती माझ्याकडं बगत व्हती. शेजारी ओट्यांवर उभे, एक मानूस खाली उतरला नाय.

गावानं मिटवलं. पोलीस नाय, काय नाय. म्हातारीनं हितं राहू नये असं ठरलं, तिची लेक मुरबाडला दिलेली, तिकडं धाडली. नवरा पाळीवरनं आला, त्याला कळलं, आनि त्यानं दार लावून मला असं मारलं की तिसरं व्हतं पोटात, दोन महिन्यांचं, ते तवाच गेलं. पयली दोन गव्हानं खाल्ली असतील, हे तिसरं लाथेनं गेलं, येवडं मला पक्कं म्हायती हाय.

आनि गंमत बगा, आत्या गेली पन जुलाब नाय गेले! आता मीच चपात्या लाटायची नि मीच खायची. तवा तरी डोकं चालावं की नाय? नाय चाललं. मी म्हनायची, जाताना घालून गेली असंल कायतरी. वर्सानुवर्सं हेच म्हनत राह्यली, लाज नाय वाटली मला. वाशिंदच्या डॉक्टरनं सलाईनी लावल्या, एकानं जंताचं दिलं, एकानं टीबीचं. एसटीत मी दाराजवळच्या सीटशिवाय बसली नाय, कुनाच्या लग्नात जेवली नाय, वाटेवरचं एकूनएक झुडूप मला वळकतं. पायात रातचे वांब, गोळे चढायचे, केस झडले, वजन चौतीस किलो. नवरा आता मारत नाय. शाना झाला असं नाय, दमला, एवढंच.

परवा परवा शापूरला सरकारी दवाखान्यात चक्कर येऊन पडली, तिथं एक नवी डॉक्टरीन, पोरगीच म्हना, तिनं कुटं दुखतं ते विचारलं नाय, तिनं विचारलं, मावशी, बरं कधी वाटतं? मी म्हटलं, मायेरी. म्हनाली, मायेरी काय खाता? भात, नाचनी. आनि हितं? ताई, मी चपाती म्हनायला तोंड उघडलं आनि तसंच उघडं राह्यलं. वीस वर्सं माझ्या डोळ्यांसमोरनं गेली, होळी, बटर, लापशी. सिलिॲक म्हनतात, ती म्हनाली, काई मानसांच्या आतड्याला गहू सोसत नाय, असंल किंवा नसंल, रक्त तपासू, मंग मुंबईला तोंडातनं कॅमेरा घालून आतडं बगतील. मी म्हटलं, आजपासनं चपाती बंद. तर म्हनाली, तेच करू नका, गहू बंद केला तर तपासनीत काय दिसायचं नाय, तारीख मिळंस्तोवर रोज दोन चपात्या खायच्या.

घरी गेलीच नाय मी, तशीच मुरबाडची गाडी पकडली. आत्या लेकीच्या ओट्यावर बसलेली, केस पार पांढरे, हात कोपराखाली वाकडा जुळलेला. मी पायाशी बसली नि सगळं सांगितलं, भगतापासनं डॉक्टरनीपर्यंत. मंग तिनं त्या वाकड्या हातानं माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली, कान वाजला. आनि रडायलाच लागली, म्हंजे मीच घालत व्हती की गो, माझ्याच हातानं घालत व्हती. मी म्हटलं, आत्या, मला आजून मारा पन असं बोलू नका. डोळे पुसले तिनं, म्हनाली, किती चपात्या खायच्यात? दोन. कोन लाटतं? मीच. म्हनाली, तुला धड लाटता कुटं येते, मी येते. तुझ्यासाठी नाय येत, रिपोटासाठी येते. तुझ्या दादानं मला ज्या आंगनात पाडली, त्याच आंगनात त्यानं तो रिपोट मोठ्यानं वाचायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर.

आली. ती आली त्या दिवशी शेजारच्यांनी दारं लावून घेतली. नवरा आयच्या पायावर डोकं ठेवून रडला, ती म्हनाली, ऊठ, पट्टा आधी चुलीत घाल. घातला त्यानं. आता रोज सकाळी ती डाव्या हातानं मळते, वाकड्यानं लाटनं नुसतं दाबून धरते, चपाती कशी पन होते, मी ती ओट्यावर बसून खाते, सगळ्यांना दिसंल अशी. घासाघासाला ठाऊक असतं आता पोटात काय होनार. मी खाते तवर ती तव्याकडं बगत बसते, माझ्याकडं बगत नाय. मंग मी पळते परसाकडं आनि ती मागनं तांब्या घेऊन येते.

येत्या सोमवारी मुंबईची तारीख हाय. बायका म्हनतात, देव करो नि काय निघायचं नाय. मी म्हनते, निघू दे बाबा, चांगलं मोठ्या अक्षरात निघू दे, जलमभर गहू नको मला. नाय निघालं तर ही म्हातारी भुताळी म्हनूनच मरंल, आनि ती माझ्यामुळं. दादाला निरोप धाडलाय, येतो म्हनाला नाय, नाय पन म्हनाला नाय. आत्याला देवानं तेवडे दिवस द्यावे, माझ्यातले काढून दिले तरी चालतील.

तुमी लिवताय ना ताई, तर माझं नाव मागनं लिवा, आधी तिचं लिवा. यमुना तिचं नाव. यमुनाबाई भुताळी नव्हती, तिनं सुनेला लापशी घातली. रिपोट येईल तवा येईल, हे आजच लिवून टाका.