राहिलेल्या तीन बाटल्या

मपलं माहेर जुन्नरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आन दिलं मला हिकडं डिंभ्याच्या धरनाच्या वर. तिकडं बी भात, हिकडं बी भात, म्हंजी जन्म चिखलातच ग्येला म्हना की. सात बाळंतपनं झाली, चार जगली, एकदा बी दवाखान्याची पायरी चढले न्हाई, त्याचा लई ताठा व्हता मला. आता न्हाई.

थोरल्याची बायको सुमन. पोरगी गुनाची, पन पहिल्याच खेपेला दिस ग्येलं तवा पार पांढरी पडली, हंडा घेऊन चढ चढली की मटकन बसायची, गुपचूप चुलीची माती खायची. नर्सबाई लाल गोळ्या देऊन जायची, मी म्हनलं नगं खाऊ, गरमी व्हती, पोरगं काळं निपजतं. ती बिचारी माझं ऐकायची. गोळ्या मीच उकिरड्यावर टाकल्या, खोटं कशाला सांगू तुमाला.

आठवा लागला तवा पोरानं नारायनगावला बोलावलं, तो तिथं टमाट्याच्या मार्केटात हमाली करायचा. मी संगं ग्येले. डॉक्टरीनबाईंनी रगत तपासलं आन आमच्यावर चिडल्याच, सहावर आलंय म्हनल्या, बाळंत व्हताना थोडं जास्ती ग्येलं तरी ही वाचायची न्हाई, आता गोळ्यांची येळ ग्येली, शिरंतनं लोह द्यायचं, दिसाआड एक, पाच बाटल्या. ते अवशीद कोऱ्या चहावानी, थेंब थेंब उतरायचं, मी आपली तिच्या पायाशी बसून. दोन बाटल्या झाल्या आन मला वाटलं, व्हटाला रंग आलाय.

पन तवा गावाकडं भाताची आवनी, रोपं लावायचं काम, चालू व्हतं. आमच्याकडं पडकई असती बगा, आज समदी तुमच्या खाचरात, उद्या तुमी त्यांच्या, मजुरी न्हाई, मानसाला मानूस द्यायचं. आमचं भात आमी नारायनगावला जायच्या आधीच समद्यांनी लावून दिलं व्हतं, दुसऱ्यांकडं जायाचं राहिलं व्हतं, आन माझा गुडघा सुजलेला. घरातनं कुनी ग्येलं न्हाई तर बाया तोंडावर बोलत न्हाईत, पन पुढच्या साली यीत न्हाईत. मी सुमनला गावाकडं आनली, म्हनलं तरतरी आलीया, बाकीच्या बाटल्या आवनी झाल्यावर घिऊ. ती म्हनली आत्या, डॉक्टरीनबाई पाच म्हनल्या व्हत्या. येवढंच म्हनली, आन पावसाचं इरलं डोईवर घिऊन निघाली. तीन बाटल्या राहिल्यात हे पोराला मी सांगितलं बी न्हाई.

धा दिस वाकून रोपं लावली तिनं. शेवटच्या दिशी खाचरातच कळा आल्या. घरी आनली, पोरगी झाली, बारकीशी, पन रडली. रगत थांबंना. एस्टी त्या दिशी आलीच न्हाई, जीप गावली ती धरनापाशी पोचंपर्यंत सुमन मपल्या मांडीवर थंड झाली. काय सांगू तुमाला, तेवढ्या रगतानं दुसरी बाई मरत न्हाई, माझं सोताचं त्याच्यापरीस जास्ती ग्येलंय. तिच्यापाशी जायाला रगतच नव्हतं.

पोरगा मला कधी बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या साली भात लई पिकलं.

नात आता तिसरीत हाय. आई कशानं ग्येली इचारती, मी म्हनते नशिबानं. गाव बी तेच म्हनतं. तुमी हे समदं लिवून घेतलंय, तिला वाचाया येतं. पन मी ग्येल्यावर द्या तिच्या हातात. देव तिला उदंड आयुष्य देवो, आन मी हाय तवर तिनं मला आजी म्हनावं, दुसरं काय मागनं न्हाई.